गिअरबॉक्स उतरवलाय तर क्लचला ग्रीस कुठे लावायचं आणि कुठे अजिबात नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गिअरबॉक्सच्या कामाबद्दल लिहिलं होतं, त्यावर जे प्रश्न आले त्यातले बहुतेक क्लचचेच निघाले. साहजिकच आहे म्हणा, गिअरबॉक्स खाली घेतल्याशिवाय क्लच दिसतच नाही, आणि कितीतरी गाड्यांत पार्टच्या किमतीपेक्षा उतरवण्या-चढवण्याची मजुरी जास्त होते, म्हणून एकदा खाली आला की त्याच फेरीत सगळं बघून घ्यायचं असतं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, ज्यांचे प्रश्न इतरांच्याही उपयोगाचे वाटले ते घेतलेत.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. तिसरा गिअर टाकताना खरखर यायची म्हणून गिअरबॉक्स उघडला, सिंक्रो रिंग बदलली आणि त्याच वेळी क्लच सेट पण नवीन टाकला. दीडएक महिन्यात पहिल्या गिअरला गाडी थरथरायला लागली आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतं, स्पीड वाढत नाही. परत उघडलं तर नव्या प्लेटवर काळं ग्रीस. गॅरेजवाले म्हणतात ग्रीस नाही लावलं तर पेडल हार्ड होतं. मग लावायचं का नाही लावायचं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : लावायचं, पण इतकं कमी की बघणाऱ्याला वाटावं लावलंच नाहीये. तुमच्या प्लेटचं जे झालं ते जास्त ग्रीसमुळे होतं आणि हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की थोडं सविस्तर लिहितो.

क्लच प्लेटच्या मधे जो हब असतो त्याला आतून दाते असतात, आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला बाहेरून दाते असतात. पेडल दाबलं की प्लेटला त्या दात्यांवरून अगदी किंचित मागे-पुढे सरकता आलं पाहिजे, तरच ती फ्लायव्हीलपासून (इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकापासून) सुटते. तिथे गंज असेल किंवा सुकं असेल तर प्लेट सुटत नाही, गिअर टाकताना खर्र होतं, रिव्हर्सला तर हमखास. म्हणून तिथे ग्रीस लागतं. पण हा सगळा भाग इंजिनच्या स्पीडने फिरतो, तीन हजार, चार हजार आरपीएमला. हबमध्ये बोटभर ग्रीस भरलं तर ते आत थांबणार कसं, गरम होऊन पातळ झालं की बाहेर फेकलं जातं आणि थेट फेसिंगवर, म्हणजे प्लेटच्या घर्षणाच्या अस्तरावर जातं. फेसिंग ते पिऊन घेतं. मग घासून, ब्रेक क्लीनर मारून, पॉलिश पेपर मारून दोन दिवस बरं वाटतं आणि इंजिन तापलं की परत वर येतं, त्यामुळे ती प्लेट बदलावीच लागेल, दुसरा उपाय मी सुचवणार नाही.

बरोबर पद्धत अशी. आधी शाफ्टचे दाते वायर ब्रशने साफ करायचे, गंज, जुनं कडक झालेलं ग्रीस सगळं काढायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं. मग नवी प्लेट ग्रीसशिवाय शाफ्टवर चढवून बघायची, ती आपली आपण सरकली पाहिजे, अडकता कामा नये आणि फार डुगडुगताही कामा नये. हे बघणं खूप जण सोडतात आणि चुकीच्या नंबरची प्लेट आली असेल तर इथेच कळतं. मग दात्यांना ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, प्लेट पूर्ण चढवायची, परत काढायची, आणि हबच्या दोन्ही तोंडांशी जे ग्रीस गोळा होऊन बाहेर आलंय ते सगळं पुसून टाकायचं. दात्यांच्या खाचेत जे राहिलं तेवढंच पुरे. ही चढवून-काढून पुसायची पायरी दोन मिनिटांची आहे आणि तुमच्या गाडीत ती झाली असती तर ही प्लेट वाचली असती.

ग्रीस कुठलं, तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये नाव दिलेलं असेल तर तेच. नसेल तर जास्त तापमान सहन करणारं, मॉलिब्डेनम डायसल्फाइडवालं, ज्याला सगळे मॉली ग्रीस म्हणतात ते. चॅसिसला मारायचं साधं पिवळं ग्रीस नको, ते बेल हौसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या) उष्णतेत पातळ होतं. कॉपर पेस्ट पण नको.

आणि एक गोष्ट नवा सेट आणला की बॉक्सवरचं किंवा आतल्या चिठ्ठीवरचं वाचा. काही प्लेटच्या हबला निकेलचं प्लेटिंग असतं, चकचकीत चंदेरी दिसतो, त्याला ग्रीस लावायचंच नसतं. तसंच रिलीज बेअरिंगचं, म्हणजे पेडल दाबलं की पुढे सरकून क्लच सोडवतं त्या बेअरिंगचं. बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिला गाइड ट्यूब म्हणतात, बेअरिंगची आतली स्लीव्ह लोखंडी असेल तर नळीवर पातळ ग्रीस लागतं, पण स्लीव्ह प्लास्टिकची असेल तर ती कोरडीच चालवायची, ग्रीस लावलं तर क्लचची धूळ त्यात चिकटते आणि बेअरिंग अडकत सरकायला लागतं. म्हणजे ज्याला गॅरेजवाले पेडल हार्ड होणं म्हणतात ते नको तिथे ग्रीस लावल्याने पण होतं.

पेडल हार्ड होण्याचं खरं कारण बऱ्याचदा तिसरीकडेच असतं आणि ते म्हणजे फोर्क, रिलीज बेअरिंगला ढकलणारा दोन टोकांचा दांडा. केबलच्या छोट्या गाड्यांमध्ये फोर्क एका आडव्या शाफ्टवर बसवलेला असतो आणि तो शाफ्ट हौसिंगमधल्या दोन बुशमध्ये फिरतो. गिअरबॉक्स खाली असताना बाहेरचा लिव्हर हाताने फिरवून बघायचा, एका बोटाने फिरायला पाहिजे. जड जात असेल तर शाफ्ट बाहेर काढा, तुम्हाला त्यावर गंजाचा लालसर पट्टा दिसेल, बरोबर बुश बसतो तिथे. तो पॉलिश पेपरने काढून, बुश ढिले असतील तर बदलून, ग्रीस लावून परत बसवला की पेडल हलकं होतं. ज्या गाड्यांत फोर्क एका गोळ्यावर, म्हणजे पिव्हट बॉलवर टेकलेला असतो तिथे त्या गोळ्यावर थोडं, फोर्कची दोन टोकं बेअरिंगला जिथे टेकतात तिथे थोडं, आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या (हायड्रॉलिक) क्लचमध्ये स्लेव्ह सिलिंडरचा पुशरॉड जिथे फोर्कच्या खळग्यात बसतो तिथे थोडं. एवढीच ठिकाणं. प्लेटच्या फेसिंगला, फ्लायव्हीलच्या तोंडाला, प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्लेटच्या) तोंडाला तर ग्रीसचं बोटही लागता कामा नये, आणि प्रेशर प्लेटच्या मधल्या बोटांना (बेअरिंग ज्यांना ढकलतं त्या स्प्रिंगच्या पात्यांना) पण, मॅन्युअलने स्पष्ट सांगितलं नसेल तर, काही लावायचं नाही.

नवी प्रेशर प्लेट पॅकिंगमधून निघते तेव्हा तिच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने काढायचा. पेट्रोल किंवा रॉकेलने नाही, त्याचा चिकटपणा मागे राहतो.

आता तुमच्यासाठी एक. दुसरी नवी प्लेट टाकायच्या आधी ते काळं जे दिसलं ते खरंच ग्रीसच आहे ना ते बघून घ्या. हबपासून बाहेर किरणांसारखे फराटे गेले असतील तर ग्रीस. पण फ्लायव्हीलच्या मागच्या बाजूला, इंजिनच्या अंगाला ओलं असेल तर क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मागचा ऑइल सील गेलाय. आणि गाइड ट्यूबच्या आतून ओघळ आलाय, वासाला उग्र गंधकासारखं आहे, तर ते गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचा सील. गिअरबॉक्स उघडून जोडताना या सीलची कड दात्यांना घासून कापली जाऊ शकते, म्हणून जोडताना दात्यांवर टेप गुंडाळून मगच सील सरकवतात. सील गळत असताना तिसरी प्लेट टाकली तरी तीही जाईल.

प्रश्न : आमची गाडी गुहागरजवळ गावी असते. मुलं मुंबईला, पावसाळ्याचे चार महिने ती शेडमध्ये उभीच. यंदा गणपतीला चालू केली तर इंजिन लगेच लागलं पण कुठलाच गिअर पडेना, क्लच दाबला काय न दाबला काय सारखंच. इंजिन बंद असताना गिअर व्यवस्थित पडतात. मेकॅनिक म्हणतो प्लेट जळाली, बदला. चार महिने न चालवता प्लेट जळेल कशी? — एक वाचक, गुहागर

उत्तर : जळाली नाहीये, चिकटलीये. कोकणातल्या दमट हवेत फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या बिडाच्या तोंडाला गंज चढतो, प्लेट त्यांच्यामधे दाबून धरलेली असतेच, मग फेसिंग त्या गंजाला धरून बसतं. समुद्राकाठच्या गावांत हे दर वर्षी कुणाचं तरी होतंच.

पेडलला नेहमीसारखा दाब लागतोय ना, केबल तुटलेली नाहीये ना, किंवा हायड्रॉलिक असेल तर तेलाची पातळी बरोबर आहे ना हे आधी बघा. ते ठीक असेल तर जुनी पद्धत अशी की इंजिन आधी पूर्ण गरम करायचं, मग बंद करायचं, मोकळ्या सपाट मैदानात, पुढे माणूस, भिंत, विहीर काही नाही अशा जागी दुसरा गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, गाडी पुढे निघेल तेव्हा क्लच दाबूनच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दे-सोड करायचं, बहुतेक वेळा खट्ट होऊन सुटते. यात गाडी आपल्या ताब्यात फक्त ब्रेक आणि किल्लीने असते, म्हणून ज्याला सवय नाही त्याने हे करू नये, गल्लीत तर मुळीच नको, जवळच्या माहितगाराला बोलवा.

सुटली तरी थोडे दिवस गिअर टाकताना लक्ष ठेवा. खरखर येत राहिली तर हबच्या दात्यांनाही गंज आहे असं समजायचं, आणि मग गिअरबॉक्स उतरवून वर नाशिकच्या उत्तरात लिहिलंय ते साफसफाईचं आणि ग्रीसचं काम करावंच लागेल. फेसिंगचा तुकडा गंजाबरोबर उपटून आला असेल तर गाडी थरथरते, तेव्हा प्लेट बदला. पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांना किल्ली देऊन ठेवा आणि आठवड्यातून एकदा गाडी चालू करून थोडी पुढे-मागे घेऊन क्लच बऱ्याच वेळा दाबायला सांगा. पेडल काठीने दाबून ठेवायचा उपाय काही जण करतात, त्याने प्लेट सुटी राहते हे खरं आहे पण महिनोन् महिने ताण राहून केबल आणि सिलिंडरचे रबर खराब होऊ शकतात, मला तो पटत नाही.

प्रश्न : क्लच सोडलेला असताना न्यूट्रलला घरघर आवाज येतो, पेडल दाबलं की बंद होतो. एका गॅरेजने रिलीज बेअरिंग सांगितलं, दुसऱ्याने गिअरबॉक्स. कुणाचं ऐकू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्याचं. न्यूट्रलला क्लच सोडलेला असला की इनपुट शाफ्ट फिरत असतो, दाबला की थांबतो. दाबल्यावर आवाज बंद होतोय म्हणजे तो शाफ्टबरोबर फिरणाऱ्या भागाचा आहे, बहुतेक इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आधी गिअर ऑइलची पातळी तेवढी बघून घ्या. याच्या उलट, पेडल दाबल्यावर आवाज चालू होत असेल तर रिलीज बेअरिंग. आणि इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप-पिकअपमध्ये क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग नाहीतर बुश असतो, तोही दाबल्यावरच ओरडतो, कारण क्रँक फिरत असताना शाफ्ट तेव्हाच थांबलेला असतो.

गिअरबॉक्स उतरवाल तेव्हा रिलीज बेअरिंग हातात घेऊन दाबून फिरवून बघा, खडबडीत लागलं, अडखळलं, हलकं फिरून सुळकन पळालं (म्हणजे आतलं ग्रीस संपलं) तर बदला. मी तर म्हणेन एवढं उतरवलंच आहे तर जुनं परत बसवूच नका. आणि ते डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुवायचं नसतं! हे सीलबंद असतं, कारखान्यातच आयुष्यभराचं ग्रीस भरलेलं, धुतलं की डिझेल आत शिरून ते ग्रीस पातळ करतं आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत बोंबलायला लागतं. नुसतं कोरड्या फडक्याने पुसा. काही जड ट्रकमध्ये या बेअरिंगला ग्रीस निपल असतो, तिथे वेळच्या वेळी ग्रीस द्यायचं असतं, ती गोष्ट वेगळी. पायलटला पितळी रंगाचा तेल मुरवलेला बुश असेल तर त्यात ग्रीस ठासू नका, बसवण्याआधी तेलात भिजवा.

प्रश्न : काका, मी आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडला आहे, दुसरं वर्ष. सर शिकवतात ते मापांचं मला समजतं, पण ज्या गॅरेजला मी प्रॅक्टिससाठी जाते तिथे सगळे नजरेनेच ठरवतात प्लेट चालेल की नाही. नक्की काय काय बघायचं आणि कशाने मोजायचं ते सांगाल का? — एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं. नजर लागतेच, पण नजर कुठे लावायची हे मापाने शिकता येतं, आणि तू व्हर्नियर खिशात ठेवून गॅरेजला जातेस एवढ्यानेच तिथल्या लोकांची सवय थोडी बदलेल.

हात घालायच्या आधी धूळ. हौसिंग उघडलं की काळी भुकटी असते, ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, जुन्या फेसिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात जाऊन बसतो. ब्रेक क्लीनर मारून ओलीच पुसून घ्यायची, मास्क लावायचा. तिथली पोरं हसतील, हसू दे. आणि जॅकवरच्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय जायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

प्रेशर प्लेट काढायच्या आधी तिच्यावर आणि फ्लायव्हीलवर सेंटर पंचने खूण करायची, जुनीच परत बसवायची झाली तर त्याच जागी बसते. बोल्ट एकेक पूर्ण काढायचा नाही, सगळे समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सोडायचे, नाहीतर कव्हर वाकतं.

आता प्लेट. फेसिंग रिव्हेटने बसवलेलं असतं, व्हर्नियरच्या मागच्या काडीने फेसिंगच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली मोज, सगळ्यात झिजलेल्या जागी. कितीतरी छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये किमान ०.३ मिलिमीटर, कुठे ०.५ दिलेलं असतं. त्याच्या खाली गेलं की रिव्हेट फ्लायव्हीलला घासायला वेळ लागत नाही. पण फक्त मर्यादेच्या वर आहे म्हणून परत बसवू नकोस. ०.३ ची मर्यादा आणि मोजलं ०.५, तर ती प्लेट अजून थोडेच दिवस चालणार आणि मालकाला परत सगळी मजुरी पडणार, हे त्याला तोंडावर सांगायचं आणि ठरवू द्यायचं.

मग हबभोवतीच्या स्प्रिंगा. बोटाने हलवून बघ, ढिल्या वाजत असतील, एखादी मोडली असेल, खिडकीची कड खाल्ली असेल तर प्लेट बाद, फेसिंग कितीही चांगलं असो. हबच्या दात्यांचे कोपरे बघ, धार आली असेल तर तेही. प्लेट शाफ्टवर चढवून कडेला डायल गेज लावून फिरव, हेलकावा साधारण ०.८ मिलिमीटरच्या आत पाहिजे, जास्त असेल तर पेडल पूर्ण दाबूनही ती कुठेतरी टेकतच राहते आणि गिअर खरखरतात. नवीकोरी प्लेटसुद्धा वाकडी होते, गिअरबॉक्स चढवताना कुणी दमलं आणि त्याचं वजन शाफ्टवर लटकवून सोडलं की हब वाकतो. गिअरबॉक्स बोल्ट लागेपर्यंत जॅकवर धरलेलाच पाहिजे.

प्रेशर प्लेटच्या मधल्या बोटांची टोकं बघ. रिलीज बेअरिंगने तिथे चकचकीत खाच पाडलेली असते, खोल असेल तर बाद. सगळी बोटं एका उंचीला आहेत का ते फीलर गेजने बघायचं, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. तोंडावर पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धर, मधे प्रकाश दिसला म्हणजे ते आतल्या बाजूला खाल्लंय.

फ्लायव्हीलवर नखाने चाचपून बघ, नख अडकेल अशी रेघ किंवा पायरी आहे का. निळे-काळे डाग म्हणजे ती जागा भयंकर तापली होती, घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्यांच्या गाडीत हे असतंच, खंबाटकीच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटर आणि क्लचवर गाडी तोलून उभे असतात ना, त्यांच्या. बारीक केसासारख्या रेषा पृष्ठभागावरच असतील तर लेथला थोडं फेस मारून (पृष्ठभाग घासून सपाट करून) जातात, मॅन्युअलच्या मापाच्या आत राहून. पण तडा कडेपर्यंत किंवा बोल्टच्या भोकापर्यंत गेला असेल तर फ्लायव्हील बदलायचं, तिथे चर्चा नाही, फिरताना फुटलं तर हौसिंग फोडून बाहेर येतं. डायल गेजने हेलकावा पण मोज, बऱ्याच ठिकाणी ०.१ मिलिमीटरची मर्यादा असते, काहींची जास्त असते, त्या-त्या गाडीचं मॅन्युअल बघायचं.

जोडताना प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते छापलेलं असतं, ते वाच. उलटी बसली तर हबचा फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टला लागतो आणि क्लच सुटतच नाही. अलाइनमेंटची दांडी घालून प्लेट मधोमध धर, बोल्ट परत समोरासमोर, फेऱ्याफेऱ्याने, शेवटी टॉर्क रेंचने. आठ एमएमच्या बोल्टला ताकद लावून कचकन आवळायची सवय इथे सोडून द्यायची, मॅन्युअलमधला आकडा ऐकूनच तुला वाटेल एवढा कमी कसा.

गिअरबॉक्स परत लागला आणि गाडी खाली आली की टेस्ट. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांब, मग रिव्हर्स टाक. खर्र आलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, केबलचं फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) नाहीतर हायड्रॉलिकमधली हवा बघ. चावी मालकाला देण्याआधी हे केलंस की निम्म्या तक्रारी गॅरेजमध्येच संपतात.

प्रश्न : क्लच पेडल मऊ पडलंय, खाली जाऊन बसतं. मेकॅनिकने क्लचच्या तेलाच्या टाकीत इंजिन ऑइल टाकून दिलं, म्हणाला तेल तेलच असतं. — एक वाचक, लातूर

उत्तर : गाडी लगेच चालवणं बंद करा. त्या टाकीत ब्रेक फ्लुइड असतं, डॉट ३ किंवा डॉट ४, झाकणावर लिहिलेलं असतं. खनिज तेलाने आतले रबर फुगतात आणि मास्टर, स्लेव्ह दोन्ही सिलिंडर निकामी होतात. खूप गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, म्हणजे हेच तेल ब्रेकला गेलं असेल, ते बघणं आधी. रबरं बदलून, पाइप नीट धुऊन, नवं फ्लुइड भरून हवा काढून घ्या. सिलिंडर जोडताना रबराला लावायचं ते सुद्धा ब्रेक फ्लुइड किंवा रबरासाठीचं खास ग्रीस, मॉली ग्रीस नाही. आणि पेडल मऊ का पडलं होतं ते कारण अजून सापडलेलंच नाहीये, स्लेव्हच्या टोकाचं रबरी बूट उचलून बघा, आत ओलं असेल तर तेच.

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीचा क्लच बदलताना सर्व्हिस सेंटरने फ्लायव्हील पण बदलायला सांगितलंय, किंमत क्लचपेक्षा जास्त. बाहेरचा लेथवाला म्हणतो फेस मारून देतो. — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आधी विचारा की ते ड्युअल मास फ्लायव्हील आहे का. त्यात दोन भाग असतात, मधे लांब स्प्रिंगा आणि ग्रीस, डिझेल इंजिनचे धक्के त्या गिळतात. ते लेथला लावायचं नसतं. म्हणून एक तर चांगलं आहे तर तसंच ठेवायचं, नाहीतर बदलायचं. ठरवायचं कसं, तर बाहेरची कड धरून आतला भाग हाताने दोन्हीकडे फिरवून बघतात, किती फिरायला हवं आणि किती डुगडुगायला हवं याचं माप त्या-त्या फ्लायव्हीलचं दिलेलं असतं. कडेने ग्रीस बाहेर आलेलं दिसलं, किंवा इंजिन बंद करताना ठणठण वाजत होतं, तर बदला, पैसे वाचवू नका, कारण ते पुढे गेलं तर नवा क्लच सेटही घेऊन जातं. यातलं काहीच नसेल आणि माप मर्यादेत असेल तर नुसता क्लच सेट टाकून चालतो. सर्व्हिस सेंटरला सांगा की मला माप घेऊन दाखवा, तो तुमचा हक्क आहे. बदललंत तर फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या, बहुतेक गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात.

प्रश्न : बाइकमध्ये कारचं चांगल्यातलं सिंथेटिक ऑइल टाकलं, आता क्लच स्लिप होतोय. प्लेटी बदलू का? — एक वाचक, अकोला

उत्तर : लगेच नको. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या पुष्कळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, ते प्लेटीवर बसतात. बाटलीवर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल घ्या, एमबी नको, ते फक्त बिनगिअरच्या स्कूटरला चालतं. हे ऑइल काढून नवं भरा, थोडं चालवून परत एकदा बदला. लिव्हरला थोडं फ्री प्ले आहे ना तेही बघा, केबल ताणून ठेवलेली असेल तर ऑइल कुठलंही टाका, स्लिप होणारच. एवढं करूनही थांबलं नाही तर मग कव्हर खोलून फायबर प्लेटींची जाडी आणि स्प्रिंगांची लांबी मोजायला सांगा, आणि नव्या प्लेटी टाकाल तेव्हा बसवायच्या आधी त्या इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवायच्या, कोरड्या बसवायच्या नाहीत.